बाबांचा दौरा

काय सांगू यार, आपली टीम तीन वनडे खेळायला न्यूझीलंडला गेली आणि फजिती इथे विजय नगरात माझी झाली. बाबा सकाळपासून मॅच पाहून राहिले होते. शेजारच्या तिवारी भाभींनी गेटवरून विचारलं, "भैया, बाबूजी आज टहलने नहीं गए?"

मी म्हटलं, "दौरा शुरू हो गया ना, भाभी."

"हे राम! कब?"

"आज सुबह. अब हफ्ताभर चलेगा."

भाभी पळतच सुटल्या. मला समजेना, काहून? पाच मिनिटांत तिवारीजी गाडी घेऊन दारात, मागे अख्खी गल्ली. आत बाबा छातीवर हात ठेवून ओरडले, "गेला, गेला!" आपला ओपनर आऊट झाला होता. भाभी रडायलाच लागल्या.

तिवारीजी माझ्यावर भडकले, "बाबूजी को दिल का दौरा पड़ा है और तुम चाय पी रहे हो?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हिंदीतला तो दुसरा दौरा मी विसरूनच गेलो होतो! मी तोंड उघडणार, तोच बाबा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "घबराओ मत, भाई. अभी तो पहला है, दो और बाकी हैं."