बद्द वाजलेला पत्रा

बोटींच्या सर्वेअरचं काम शिकून मी ते का सोडलं, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. आमचे बापटसाहेब शिकवायचे, "पत्र्यावर हातोडी मार आणि ऐक. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो."

मुन्शी घाटाजवळ नदीत एक लोखंडी मालवाहू बोट लागली होती. साहेबांनी मला एकट्यालाच पाठवलं. तिच्यावरच राहणारा मल्लाह, म्हणजे नावाडी, रामधनी टॉर्च धरून माझ्यासोबत तळात उतरला. एके ठिकाणी पत्रा बद्द वाजला.

"सब ठीक है ना, बाबू?" त्याने विचारलं.

रिपोर्ट फक्त मालकाला द्यायचा, हे आमच्याकडून घोटून घेतलेलं. मी म्हणालो, "मालिक को बता देंगे."

बोट चालवू नये, असं मी रिपोर्टात स्पष्ट लिहिलं. मालकाने तो दाबून ठेवला. महिन्याभरात बोट बुडाली, तिच्याबरोबर रामधनीही गेला.

त्याची बायको शोधत शोधत मंगला गौरी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आली. मी म्हणालो, "मैंने मालिक को लिखकर दिया था."

ती शांतपणे म्हणाली, "मालिक तो नाव पर रहते नहीं थे, भैया."