गाण्यातली धुरपता

तुम्ही ज्याला बायकांचं जुनं हळदीचं गाणं म्हणता ना, ते आमच्या गावच्या दगडूनानांचं! त्यांनीच रचलं, जत्राजत्रांतून त्यांनीच गायलं, त्याची रेकॉर्डही निघाली. गाण्यात नाव होतं धुरपताचं, म्हणजे नानांच्या बायकोचं. ती बिचारी लवकर वारली आणि गाणं बायकांच्या तोंडी रुळलं. आपल्याकडे हळदीला ज्या त्या नवरीचं नाव घालून गातात, त्यामुळे धुरपताच्या जागी कुठे सुनीता आली, कुठे लता.

सत्तरच्या सुमाराला माझी बहीण मंगला हिचं लग्न होतं. हळदीच्या मांडवात आल्या आल्या नानांनी विचारलं, "नवरीनं नाव काय शे?"

"मंगला."

"बरं," म्हणाले आणि कोपऱ्यात बसले.

आईने फार आग्रह केला तेव्हा गायला उठले. पहिल्याच ओळीला तोंडातून निघालं धुरपता. बायका ओरडल्या, "नाना, नाव चुकनं! नवरी मंगला शे!"

गाणं त्यांचं, आणि चूक त्यांचीच काढतात! मला असा संताप आला. नाना मात्र हसले आणि अख्खं गाणं मंगलाच्या नावाने गायले.

निघताना आईला हळूच म्हणाले, "मंगलाले पोर व्हयनी ते तिनं नाव धुरपता ठेवा. तिनी हळदले मी गासू."

मंगलाला लागोपाठ तीन मुलगे झाले. तिन्ही वेळा पेढे घेऊन नानांकडे मीच गेलो. तिन्ही वेळा ते म्हणाले, "बरं."