मनगटातला पट्टा

माहेर माहं मोर्शीकडचं, पन सगळी उमर गेली चांदूर बाजारात बांगड्या भरन्यात. सासूनं शिकवलं मले. म्हने बांगडी नाई दाबायची, हात दाबायचा, आंगठ्याखालचा गड्डा मुठीत घ्यायचा, पोट्टीले बोलन्यात लावायचं, बांगडी उतरते मंग. किती हात दाबले काय सांगू तुमाले, चेहरा ध्यानात राह्यत नाई, हात राह्यते.

मंग माह्याच हाताले मुंग्या याले लागल्या. सकाळी उठलं का बोटं मेल्यावानी. आमचा बुढा म्हने वय झालं, तेल लाव. लावलं. तेलानं काय होते?

गेल्या सालची गोठ. नवरीले हिरवा चुडा भरून राह्यली होती, त एक बांगडी वाढली, आमी फुटली म्हनत नाई. पाह्यते त नवरीच्या हातावर रक्त. तिची माय घाबरली, हात धुतला, पुसला, कुठंच काही नाई. मंग नवरीच म्हने मावशी, तुमचंच बोट कापलं. काच आत घुसली होती अन् मले पत्ता नाई. लय भेव लागलं. काच कळत नाई त पोरीचं हाड काय कळन, अन् हातच गेले त माह्यापाशी राह्यलं काय?

अमरावतीच्या डाक्टरीनबाई म्हने मनगटात हाडायची नाली असते, वरून चिवट पट्टा ताणलेला. त्याच्याखालून बोटं वाकवनाऱ्या दोऱ्या जाते अन् एक नस. दाबून दाबून दोऱ्या सुजल्या, जागा त वाढत नाई, नस चेंगरते. मी इचारलं, करंगळी कावून शाबूत हाये? तिची नस दुसऱ्या वाटेनं जाते म्हने. पट्टा कापला का नस मोकळी.

आपरेशनच्या येळी नर्स म्हने बांगड्या काढा. बुढा जिता असता हात रिकामा करू? अन् काढाले बोटात जोर कुठं होता, मले जगाच्या बांगड्या भरनारीले. बुढ्यानंच साबन लावून उतरवल्या, खाली मान घालून. मले रडू आलं.

आता दुकान सून पाह्यते. जोर काही आला नाई अजून, डावा हात बाकीच हाये, थकली मी. तुमचे हात धड राहो बापा. परवा बुढा बसला माह्या उजव्या हातात बांगड्या भराले, त्याले काय येते, एक वाढवलीच. काच माह्या बोटाले टोचली. तो घाबरून हात सोडाले गेला. मी म्हटलं, राहू द्या, दुखून राह्यलं.