खाली नका पाहू, काकू!

...आन् म्हणे खाली नका पाहू! आता तुम्हीच सांगा, बटनं खाली, बोटं खाली, मंग बाईनं पाहाचं कुठं, छताकडं? तुम्हाले सांगतो, अड्याळच्या रुखमिणीबाईचं डोस्कं टायपिंग क्लासात पयल्याच दिवशी सटकलं, आन् काहून नाई सटकणार? नवरा शाळेत बाबू होता, गेला बिचारा, अनुकंपात हिले घेतलं, पण अट... दोन वर्षांत कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा पास करा, नाई तं खुर्ची सोडा, चपराशी व्हा! म्हणजे ज्या मास्तरायच्या रजा ही लिहिते, त्यायलेच पानी नेऊन द्याचं!

मंग काय, एक्केचाळीस वर्षाची बाई रोज शाळा सुटली का बस धरून पवनीच्या क्लासात! बाजूले अठरा-अठरा वर्षाच्या पोट्ट्या, आन् शिकवणारी खुशबू म्याडम, वय बावीस! तिनं हिच्या हातावर चपलेचा खोका पालथा घातला, म्हणजे बोटं दिसूच नये! "काकू, खाली नका पाहू! करंगळी मारा... ती नाई काकू, डावी!" अरे, त्या करंगळीनं जन्मात काही काम केलं का, का आता करन?

जन्मभर काय आयकलं रुखमिणीनं? माय म्हणे, "रुखमे, खाली पाहून चाल!" सासू म्हणे, "मोठ्या मान्सायसमोर नजर खाली ठेव वं!" चाळीस वर्ष इमानदारीनं खाली पाह्यलं, आन् आता ही कालची पोट्टी म्हंते खाली नका पाहू! एक दिवस उचलला खोका, टराटरा फाडला! "नाई पाहात, जा! पण असा खोका माह्या हातावर पुन्हा ठेवला तं याद राख!" खुशबू दोन पावलं मांगं सरकली, म्हणे, "बरं काकू... पण खाली नका पाहू."

खोटं वाटन तुम्हाले, पण त्या रागातच बोटं चालाले लागली! मारलं बटन का सासू, मारलं बटन का हेडमास्तर... सहा महिन्यात करंगळी बी धावाले लागली!

आन् परीक्षा. स्क्रीनवर वरती उतारा, त्याच्या खाली आपलं टाइप केलेलं. रुखमिणीनं हात ठेवले, नजर वर रोवली, आन् सुटली ना बाई! धडधड धडधड, ना श्वास ना दम, साऱ्यायच्या आधी उतारा खतम! परीक्षक हिरालाल सर आले, वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "बाई, हे कोणत्या भाषेत हाये?"

उजवा हात सुरुवातीलेच एक बटन बाजूले बसला होता! पयल्या शब्दापासून शेवटापर्यंत नुसती गिचमिड! "अवो, एकदा तरी खाली पाहाचं ना स्क्रीनवर!"

बाप्पा! बाई खुर्चीतून उठलीच. "सर, जन्मात पयल्यांदा खाली नाई पाह्यलं मी... आन् तुम्ही म्हंता पाहाचं होतं?"

निकाल लागला, नापास. अजून एक परीक्षा बाकी, म्हणून खुर्ची वाचली... सध्या. हेडमास्तर यादोराव सरायनं बोलावलं. तिले वाटलं, धीर देतीन.

"रुखमिणीबाई, तुम्ही टायपिंगमधी नापास झाल्या, असं वर कळवा लागते. अर्जंट हाये."

"मंग कळवा ना, सर."

"कळवतो ना, पण ऑफिसात टायपिंग येते कोणाले? तुम्हीच द्या करून!"

काय करन बाई? बसली, आन् दिलं करून. तीन मिनिटात. एक चूक नाई.