उजवं शेपूट नागप्पाचं

जबाब
दि. ११/१०/२०२५

मी, व्यंकटराव मरिबा सोनकांबळे, वय ६३ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (एसटी कार्यशाळा, बॉडी फिटर), रा. जुन्या रेल्वे लाईनजवळ, लातूर. नांदेड येथे पोलीस ठाण्यात समक्ष बसून, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. पेन्शनवर भागते. माझ्यावर यापूर्वी गुन्हा दाखल नाही. जबाब लिहून घेणाऱ्या दीपमाला मॅडमना मी सुरुवातीलाच विनंती केली की मी बोलतो तसंच लिहा, उगाच गुळगुळीत करू नका. त्यांनी जमेल तेवढं लिहिते असं सांगितलं.

आज सकाळी साडेसातच्या गाडीने मी लातूरहून नांदेडला निघालो. मांडीवर साडीचं खोकं होतं, आत कापूस आणि कापसात विमान. लोह्याच्या पुढं रस्ता खराब लागला, म्हणून माल हलला का बघायला मी झाकण उघडलं. शेजारच्या बाईने आत पाहिलं आणि "अगं बया, ड्रोन!" म्हणून ओरडली. सध्या गावोगाव ड्रोन फिरतंय, चोर त्यावरून घरं हेरतात, अशी हवा उठलेली आहे. कोणी पाहिलं म्हणावं तर कोणीच नाही. साप साप म्हणून भुई धोपटायची. मी बाईंना म्हणालो, "अहो मावशी, याला मशीनच न्हाई, उडंल कशानं?" पण तोवर मागच्या सीटवरच्या दोघांनी मोबाईलवर फोटो काढले होते. नांदेड बसस्थानकात उतरताच कंडक्टरने मला खोक्यासकट पोलिसांच्या स्वाधीन केलं. त्याची माझी तक्रार नाही, त्याने त्याची ड्युटी केली.

वस्तूचं वर्णन विचारल्यावरून सांगतो. विमान प्लॅस्टिकचं, हातभर लांब, करड्या रंगाचं. मधे वैमानिकाची डबी, दोन्ही बाजूंना दोन लांब शेपटं, आणि शेपटांची टोकं जोडणारी मागं एक आडवी पट्टी. बाजारात विमानांचे सुटे तुकडे डब्यात मिळतात, त्याला किट म्हणतात. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे. हे विमान कोणत्या देशाचं, असं ठाण्याच्या साहेबांनी तीन वेळा विचारलं. कोणत्याच देशाचं नाही. पंख एका किटाचे, डबी दुसऱ्याची, चाकं तिसऱ्याची. असं विमान जगात झालेलंच नाही, ते मी मनाने केलं आहे. यावर साहेब म्हणाले, "म्हणजे बोगस?" मी म्हणालो, हाव, तसं म्हणा.

नाकात काहीतरी वाजतंय म्हणून साहेबांनी ते खोलून दाखवायला सांगितलं. आत चार नट आहेत. दोन शेपटांचं वजन मागं पडतं, नाकात भार नसेल तर विमान ढुंगणावर बसतं. पण खोलता येणार नाही असं मी सांगितलं. हा गोंद चिकटत नाही, तो प्लॅस्टिक वितळवून दोन तुकडे एक करतो. खोलायचं म्हणजे मोडायचंच. दुसरी काही वस्तू असती तर मी स्वतः मोडून दिली असती. ही मोडू देणार नाही म्हणालो, आणि माझा आवाज चढला. त्याबद्दल साहेबांची माफी मागितली आहे.

विमान कोणाचं, असं विचारल्यावरून सांगतो की अर्धं माझं आहे.

नागप्पा वीरण्णा हालगे हे माझ्याबरोबर लातूरच्या कार्यशाळेत बत्तीस वर्षं होते. मी पत्रा ठोकायचो, ते रंग मारायचे. किटाचा नाद त्यांनीच मला लावला. ते माणूस सोवळं. डब्यातल्या कागदावर जसं छापलंय तसंच करणार, पंखावरचा आकडासुद्धा इकडचा तिकडं नाही. मी घिसाडी. मला दोन शेपटांचीच विमानं आवडतात आणि तीही कुठं नसलेली. ते मला म्हणायचे, "व्यंकट, तुझं विमान म्हंजे बिनबापाचं लेकरू." रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून दोघं घासत बसायचो. त्यांच्या पत्नी तुळजाबाई चहा आणायच्या आणि म्हणायच्या, दोन म्हातारे खेळून राहिलेत.

कार्यशाळेत एक रीत होती. उभ्या गाडीचा पार्ट काढून चालत्या गाडीला लावायचा. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. जी गाडी निघणारच नाही तिचा गिअरबॉक्स सडवण्यात काय अर्थ? बत्तीस वर्षं हेच केलं, हात त्यालाच सवकलेले.

सन २०२३ च्या पावसाळ्यात नागप्पा दहा दिवस मुलीकडे, नांदेडजवळ विष्णुपुरीला गेले होते. घराची किल्ली माझ्याकडे, झाडांना पाणी घालायला. मला तेव्हा जुळं शेपूट लागत होतं. शेपटं एकाच जातीची दोन लागतात आणि माझ्याकडे एकच होतं. त्याच जातीचं किट नागप्पांच्या कपाटात अकरा वर्षं नुसतं पडून होतं, डब्याची चिकटपट्टीही काढलेली नव्हती. मी मनाशी म्हणालो, उभी गाडी आहे. पट्टी कापली, शेपूट काढलं, डबा परत ठेवला. ते आले की सांगू, दोन शिव्या खाऊ, एवढाच विचार होता.

ते किट तुळजाबाईंनी आणलेलं होतं. बहिणीकडे हैदराबादला गेल्या होत्या, तिथं दुकानात स्वतः शिरून, विचारून, नवऱ्यासाठी घेतलं होतं. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. नागप्पांनी ते उघडलं नाही ते त्यासाठी. हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. नागप्पांनी कधी सांगितलेलं नव्हतं, आणि मीही अकरा वर्षांत एकदा विचारलं नाही की बाबा, हे का करत नाहीस. आता "चोर सोडून संन्याशाला फाशी" म्हणायचीही सोय नाही. चोर मीच.

नागप्पांनी डबा पाहिला. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी डबा बंद केला, माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, "जा घरी." महिनाभराने ते कायमचे मुलीकडे राहायला गेले. दोन वर्षं झाली. मी फोन करतो, ते उचलत नाहीत. दिवाळीला करतो, त्यांच्या वाढदिवसाला करतो. शेपूट परत द्यावं तर मी ते तोवर चिकटवून बसलो होतो. केलं तुका अन् झालं माका, म्हणतात ना, तसलं.

मागच्या आठवड्यात आमचा जुना सोबती वैजनाथ भेटला. त्याने सांगितलं की नागप्पांचा एक डोळा साखरेने गेला आणि दुसऱ्यालाही पडदा धरून राहिलाय. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. माणसाला दिसतंय तोवर त्याच्या हातात हे गेलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. म्हणून न कळवता निघालो. कळवलं असतं तर नको म्हणाले असते.

खात्री करण्यासाठी साहेबांनी नागप्पांचा नंबर मागितला. मला तो तोंडपाठ आहे. मी सांगितलं, ते मला ओळखत नाही म्हणतील, आणि म्हणाले तर त्यांचा दोष नाही. मॅडमनी ठाण्याच्या फोनवरून लावला आणि आवाज मोठा ठेवला. त्यांनी उचलला. व्यंकटराव सोनकांबळे यांना ओळखता का, असं मॅडमनी विचारलं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मग नागप्पा म्हणाले, "काय केलं त्यानं?"

मॅडमनी ड्रोनचं सांगितलं.

"ड्रोन? त्याला पतंग उडवता येईना आजवर. दोन शेपटं हायत का त्याला?"

"आहेत."

"मग त्यातलं एक माझं हाय. चोरलंय त्यानं."

साहेबांनी फोन हातात घेऊन विचारलं, तक्रार द्यायची आहे का. नागप्पा म्हणाले, "द्यायचीय. लई मोठी द्यायचीय. त्याला सोडू नका, बसवून ठेवा. त्याला चहा पाजा, साखर घालून, त्याला शुगर न्हाई. मी निघालोय." मला मॅडमनी पाण्याचा ग्लास दिला. चहा नंतर आला.

दुपारी पाऊण वाजता नागप्पा मुलीसोबत ऑटोने आले. विमान घेऊन खिडकीशी गेले, चांगल्या डोळ्याशी धरलं, मग नखाने शेपटाचा सांधा चाचपला. "सांधा लागंना की हाताला." मी म्हणालो, घासलाय. "दोन वर्षं?" मी म्हणालो, हाव. उजवं तुमचं आहे हेही सांगितलं. त्यांनी उजवं पुन्हा चाचपलं आणि विचारलं, "कोणतं विमान म्हणायचं हे?" मी म्हणालो, कोणतंच नाही. तरी त्यांनी विमान खाली ठेवलं नाही. साहेबांनी वस्तू खेळणं असल्याची खात्री करून ती नागप्पांच्या ताब्यात दिली.

वरील मजकूर दीपमाला मॅडमनी मोठ्याने वाचला. नागप्पा बाजूच्या बाकावर ऐकत होते. "चोरलंय" आलं तिथं त्यांनी मॅडमना थांबवलं आणि म्हणाले, "ते खोडा. नेलं, असं लिहा." मी म्हणालो, खोडू नका, चोरलंच आहे. ते म्हणाले, "व्यंकट, गप बस." दोन वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली ती ही पहिलीच, म्हणून ती इथं लिहून घ्यावी अशी मी विनंती केली. खाडाखोड चालत नाही असं मॅडमनी सांगितल्यावरून दोघांचंही म्हणणं ठेवलं आहे: मी चोरलं असं माझं, आणि मी नेलं असं नागप्पांचं.

त्यांच्या म्हणण्याखाली त्यांची सही घेतली. ओळ कुठं आहे ते त्यांना दिसेना, म्हणून त्यांचं बोट धरून मी ओळीवर ठेवलं. बाकी सांगितलं तसंच उतरलं आहे, कानांनी ऐकून खात्री केली, आणि माझी सही त्यांच्या सहीखाली करतो.

व्यं. म. सोनकांबळे