पहिला ब्रिज

लेक : बोलू नकोस. आ कर. अजून मोठा. हे ओरखडे कसले, बाबा?

बाबा : वय झालं की पडायचेच.

लेक : वय तुझं झालंय, या दातांच्या ब्रिजचं नाही. त्याला तीनच आठवडे झालेत, आणि तो मीच बसवलाय. वरची चकाकी पार गेली. कशानं घासलास?

बाबा : ब्रशनं. तूच म्हणालीस ना, घासत जा म्हणून!

लेक : ब्रशनं असे सरळ, एकसारखे ओरखडे? चाळीस वर्षं फिटर होतास. हा हात मी ओळखते.

बाबा : हात साफ आहे ना अजून?

लेक : अरे देवा! तोंडात कानस घातलीस?

बाबा : हिऱ्याची, बारीकातली. उकळून घेतली होती. मी काय खुळा आहे?

लेक : आणि आई?

बाबा : तीच बॅटरी धरून उभी होती.

लेक : धन्य आहात दोघं! पण कशासाठी?

बाबा : जरा उंच बसला होता गं. तोंड मिटलं की तोच आधी टेकायचा. दुकानातून कार्बन पेपर आणला, चावला, निळा डाग पडला तिथं दोन हात मारले. कारखान्यात आम्ही निळा रंग लावून असाच उंचवटा शोधायचो.

लेक : म्हणजे माझं चुकलं होतं.

बाबा : असं कोण म्हणालं?

लेक : तुझी कानस म्हणाली! आजूबाजूचे दोन चांगले दात घासून बारीक केले मी, त्यांच्या आधारानं मधला बसवला. तुला विचारलं, लागतंय का? तू म्हणालास, फर्स्ट क्लास. गल्लीभर तोंड उघडून दाखवत फिरलास. मी आपली हवेत. उद्या एका मावशींचा ब्रिज बसवायचाय, तुझ्या त्या फर्स्ट क्लासच्या भरवशावर.

बाबा : ठमे, ऐक. ब्रिज बसवायच्या आदल्या दिवशी तू आईला म्हणालीस, हा पहिला ब्रिज बिघडला तर दवाखान्याला कुलूप लावते आणि परत मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली जाते. मी सगळं ऐकलं. मग कोणत्या तोंडानं सांगू?

लेक : म्हणून तीन आठवडे गप्प?

बाबा : एका बाजूनं जेवलो. काही मेलो नाही. माझं पहिलं काम फोरमननं सगळ्यांदेखत भंगारात फेकलं होतं. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तुझ्याशी तसं वागायचं? माझ्याच्यानं नाही झालं.

लेक : आणि तिसऱ्या दिवशी?

बाबा : गेलो. परत केलं.

लेक : पास झालं?

बाबा : छे! चौथ्यांदा झालं.

लेक : मग मला पहिल्याच फटक्यात का रे पास केलंस?

बाबा : चुकलं खरं. रडू नकोस बाई.

लेक : रडणारच. दुसऱ्या कुणी असा ब्रिज बसवला असता तर?

बाबा : दुसऱ्या दिवशी दवाखाना डोक्यावर घेतला असता.

लेक : मग घे. बाहेर जा आणि पेशंट होऊन आत ये.

बाबा : वेडी की काय! बाहेर लोक बसलेत.

लेक : बसू देत. खरं कळल्याशिवाय मावशींच्या दाताला हात लावणार नाही मी. जा.

(बाबा बाहेर जातात. दारावर टकटक.)

बाबा : येऊ का, डॉक्टर?

लेक : या काका, बसा. काय होतंय?

बाबा : अहो, हे काय काम केलंत तुम्ही! चावायला गेलं की... ठमे, नाही जमत गं.

लेक : इथं ठमी कुणी नाही. चावायला गेलं की काय होतं?

बाबा : कळ जाते. पार कानापर्यंत.

लेक : अजूनही?

बाबा : कमी झालीय. पण मागच्या कडेला आहे. तिथं कानस पोचली नाही.

लेक : हा कागद चावा. हं, दिसलं. हलू नका... झालं. आता?

बाबा : आता बरं आहे.

लेक : काका, खरं सांगा.

बाबा : नाही, डॉक्टर. अजून लागतंय.