माझ्या घोरण्यावर घेतलेली गाडी

घोरण्याचं म्हणाल, तर माझ्या घोरण्यावर एक गाडी खपली आहे.

मी कुवेतमध्ये एका म्हाताऱ्या शेठकडे ड्रायव्हर आहे. आम्ही नोकर त्यांना बाबा म्हणतो. त्यांची मोठी मोटरहोम होती, आत पलंग आणि चूल असलेली बसच म्हणा. थंडीत सगळं घर तिच्यातून वाळवंटात राहायला जायचं. पुढे मुलं पांगली, मालकीणबाई वारल्या, गाडी उभीच राहिली. यंदा बाबा म्हणाले, "दत्ता, ही देऊन छोटी घेऊ. आपण दोघं जाऊ."

राई नावाच्या भागातल्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या छोट्या गाडीत समोरासमोर दोनच पलंग होते. मी म्हटलं, "बाबा, मी बाहेर तंबूत झोपेन."

"का?"

"मी घोरतो."

"कोण म्हणतं?"

"बायको. पण ती गावाला. गेल्या सुट्टीनंतर तिनंही ऐकलेलं नाही."

बाबा एका पलंगावर आडवे झाले आणि मला समोरच्यावर निजायला लावलं. छताकडे बघत म्हणाले, "मुलांची आई पण घोरायची. मी रोज कटकट करायचो. आता खोलीत इतकं शांत असतं की झोप येत नाही."

मग उठून सेल्समनला म्हणाले, "हीच द्या."

संध्याकाळी बायकोला फोनवर हे सांगितलं. मला वाटलं, हसेल. पण ती म्हणाली, "अहो, आज हा कॉल न तोडता, फोन उशाशी ठेवून झोपा."